नकारार्थी उपसर्गांची कुळकथा

गेल्या जत्रेच्या दिवशी देवळाच्या अग्रशाळेबाहेर आम्ही काही मंडळी बोलत बसलो असता समोरच्या रस्त्यावर पेट्रोलचा एक टँकर येऊन उभा राहिला. त्याच्या पाठीवर ठळक इंग्रजी अक्षरांत ‘हायली इन्फ्लेमेबल’ असे लिहिलेले होते. आमच्यापैकी एकाचा शाळकरी मुलगा ते वाचून वडिलांस म्हणाला, “बाबा, ही गाडी मुळीच पेट घेणारी नाही.” शाळेत शिकविलेले व्याकरण त्याने बिनचूक लाविले होते. ‘करेक्ट’ म्हणजे बरोबर, ‘इन्करेक्ट’ म्हणजे चूक; ‘व्हिजिबल’ म्हणजे दिसणारे, ‘इन्व्हिजिबल’ म्हणजे न दिसणारे; तर मग ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे. तर्क निर्दोष, पण निष्कर्ष प्राणावर बेतणारा!

मुलाची समजूत तेथेच घातली गेली. परंतु त्याच्या प्रश्नाने आम्हांस मात्र विचारात पाडिले. मूळ शब्दाच्या आरंभी येऊन त्याचा अर्थ फिरविणारी ही एक-दोन अक्षरे आली कोठून? इंग्रजीस असे उपसर्ग इतके कशाला लागतात? आणि ती अक्षरे दर वेळी केवळ ‘नाही’ एवढेच सांगतात काय? ह्या शोधात आम्हांस जे आढळले ते वाचकांपुढे ठेवीत आहो. ह्या चिमुकल्या अक्षरांनी शब्दांचे अर्थ फिरविले तसे माणसांचे दैवही फिरविले आहे, हे त्यातून दिसून येईल.

प्रथम कुळाचा विचार करू. इ. स. १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स ह्यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषा एकाच मूळ झऱ्यातून निघाल्या असाव्यात असे प्रतिपादन केले. पुढे भाषाशास्त्रज्ञांनी ह्या नात्याचे नियम बसविले. त्या नियमांनुसार मूळ भाषेत ‘न’काराचा एक ध्वनी स्वरासारखा उच्चारला जाई, आणि शब्दाच्या आरंभी तो नकार दर्शवी. संस्कृतात आणि ग्रीकमध्ये त्याचा ‘अ’ झाला, लॅटिनमध्ये ‘इन्’ झाला, तर इंग्रजीच्या जर्मानिक घराण्यात ‘अन्’ झाला. आपल्या व्याकरणातील नञ् समासाचा नियम वाचकांस ठाऊकच आहे: पुढे व्यंजन आले तर ‘अ’ आणि स्वर आला तर ‘अन्’, म्हणून ‘अधर्म’, पण ‘अनादि’. ग्रीक भाषेतही नेमका हाच नियम आहे. राजा अथवा शासक नसणे ह्या अर्थाचा ‘अनार्की’ हा शब्द तिकडून इंग्रजीत आला, आणि आपला ‘अराजक’ हा शब्द त्याच साच्याचा आहे.

ह्या नात्याची सर्वांत गोड खूण म्हणजे ‘अमृत’ होय. समुद्रमंथनातून निघालेले ते अमृत, म्हणजे ज्यास मरण नाही ते. ग्रीक पुराणांतील देवांचे अन्न ‘अँब्रोझिया’. त्याचीही फोड ‘अ’ म्हणजे नाही आणि ‘म्ब्रोतोस’ म्हणजे मर्त्य, अशीच आहे. आणि लॅटिनमधून इंग्रजीत आलेला ‘इम्मॉर्टल’ हा शब्द त्याच धातूवर त्याच उपसर्गाने बांधलेला आहे. देव निराळे, मंदिरे निराळी. परंतु मृत्यूला नकार देण्यासाठी तिघांनीही एकाच आजोबांचे अक्षर वापरिले.

दुसरे उदाहरण ‘अज्ञात’ ह्या शब्दाचे. ‘ज्ञा’ ह्या धातूची भावंडे इंग्रजीत ‘नो’ आणि ‘कॅन’ ह्या रूपांनी नांदतात. जुन्या इंग्रजीत ‘कूथ’ म्हणजे ज्ञात, आणि ‘अन्‌कूथ’ म्हणजे अज्ञात, अनोळखी. आज ह्या शब्दाचा उच्चार राहिला, पण अर्थ बदलला. आजच्या इंग्रजीत ‘अन्‌कूथ’ म्हणजे गावंढळ, असंस्कृत, आडदांड. जो अनोळखी तो विचित्र, आणि जो विचित्र तो असंस्कृत, अशा पायऱ्यांनी हा शब्द खाली उतरला. ज्यास आपण ओळखत नाही त्यास हीन लेखण्याची माणसाची सवय एका शब्दाच्या पोटात अशी गोठून राहिली आहे. ह्या उदाहरणाचा आम्हांस पुढे पुन्हा उपयोग होणार आहे. वाचकांनी ते लक्षात ठेवावे.

आता इंग्रजीत एवढे नकार जमले कसे ते पाहू. इंग्रजीचा घरचा उपसर्ग ‘अन्’. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबार, न्यायालय व धर्मपीठ ह्या ठिकाणी फ्रेंच आणि लॅटिन ह्यांचे राज्य सुरू झाले. त्यांच्याबरोबर ‘इन्’, ‘डिस्’ आणि ‘नॉन्’ हे पाहुणे आले व कायमचे राहिले. पुढे विद्वानांनी ग्रीकमधून ‘अ’ही आणिला. ‘इन्’ हा पाहुणा फार मिळतेजुळते घेणारा. पुढील व्यंजनाप्रमाणे तो ‘इम्’, ‘इल्’, ‘इर्’ होतो. म्हणून ‘इम्पॉसिबल’, ‘इल्लीगल’, ‘इर्‌रेग्युलर’. ज्यांनी संधीचे नियम पाठ केले आहेत त्यांस ह्यात नवल वाटू नये. गोव्यातील ज्या वडीलधाऱ्यांचे शिक्षण पोर्तुगीज शाळांतून झाले त्यांस तर ‘इम्’ आणि ‘देश’ ह्या रूपांनी हे पाहुणे इंग्रजीच्या आधीच भेटले होते, कारण पोर्तुगीज ही लॅटिनचीच कन्या होय.

आपल्याकडेही असेच घडले आहे. शतकानुशतके दरबारची भाषा फारसी असल्यामुळे ‘बे’, ‘गैर’, ‘ना’ हे उपसर्ग मराठीत व कोंकणीत आले आणि ‘अ’ व ‘निर्’ ह्यांच्या शेजारी बसले. विद्यार्थी शाळेत ‘अनुपस्थित’ असतो, पक्षकार कोर्टात ‘गैरहजर’ असतो. अर्थ एक, पण एका शब्दाच्या अंगावर शाळेचे कपडे आहेत तर दुसऱ्याच्या अंगावर कचेरीचे.

इंग्रजीत घरचा आणि पाहुणा ह्यांची वाटणी काही पद्धतशीर झाली नाही. ‘अन्‌ईक्वल’ म्हणजे असमान. पण असमानता म्हणावयाची तर ‘इन्‌ईक्वॅलिटी’. ‘अन्‌जस्ट’ म्हणजे अन्यायी, पण अन्याय मात्र ‘इन्‌जस्टिस’. ‘अन्‌एबल’ म्हणजे असमर्थ, आणि असमर्थता ‘इन्‌एबिलिटी’. एकाच घरातील विशेषणाने एक पाहुणा ठेवून घ्यावा आणि नामाने दुसरा, असा हा प्रकार आहे. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा इ. स. १७७६ मध्ये लिहिला गेला तेव्हा जेफर्सनच्या मसुद्यात माणसाच्या हक्कांस ‘इन्‌एलिएनेबल’, म्हणजे हिरावून घेता न येणारे, असे म्हटले होते. छापून प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्यात त्या जागी ‘अन्‌एलिएनेबल’ असे आले. हक्क तेच राहिले. उपसर्ग तेवढा बदलला.

परंतु सर्व ठिकाणी असा बदल निरुपद्रवी नसतो. आपल्या वैयाकरणांनी ‘नञ्’चे सहा अर्थ सांगितले आहेत: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. ‘अधर्म’ म्हणजे केवळ धर्माचा अभाव नव्हे, तर धर्माचा विरोध. ‘अकाल’ म्हणजे काळच नाही असे नव्हे, तर अयोग्य काळ. ‘अनुदरा’ कन्या म्हणजे पोट नसलेली नव्हे, तर नाजूक कमरेची. एकाच ‘अ’ने हे सहाही अर्थ वाहिले, इंग्रजीने मात्र अनेक उपसर्ग हाती असल्यामुळे ते अर्थ पुष्कळसे वाटून दिले. ‘नॉन्’ प्रायः अन्यत्व दाखवितो, ‘मिस्’ अप्राशस्त्य, ‘डिस्’ विरोध अथवा वियोग. ‘नॉन्‌ह्यूमन’ म्हणजे मानवाहून अन्य. पशुपक्षी, झाडे, दगड. पण ‘इन्‌ह्यूमन’ म्हणजे मानव असूनही माणुसकी सोडलेला. ‘अ’मॉरल’ म्हणजे ज्यास नीतीचा प्रश्नच लागू नाही तो. ‘इम्मॉरल’ म्हणजे नीती मोडणारा. पावसास ‘अ’मॉरल’ म्हणता येईल, ‘इम्मॉरल’ म्हणता येणार नाही.

‘डिस्‌इंटरेस्टेड’ आणि ‘अन्‌इंटरेस्टेड’ ह्या जोडीत तर पुष्कळ सुशिक्षितही घसरतात. पहिल्याचा अर्थ, ज्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही असा. दुसऱ्याचा अर्थ, ज्यास गोडीच नाही असा. देवस्थानचे हिशेब तपासणारा गृहस्थ ‘डिस्‌इंटरेस्टेड’ असला पाहिजे. तो ‘अन्‌इंटरेस्टेड’ निघाला तर मात्र देवाच्या पैशाची धडगत नाही. गंमत अशी की सतराव्या शतकातील इंग्रजी लेखनात ह्या दोघांची वाटणी जवळजवळ उलट आढळते. तात्पर्य, हे अर्थ उपसर्गांना जन्मतः चिकटलेले नाहीत. लोकांच्या वापराने ते ठरत आले आहेत.

ह्याहून फसवे म्हणजे नकार नसून नकारासारखे दिसणारे शब्द. ‘इन्फ्लेमेबल’ हा त्यांचा मेरुमणी. ह्यातील ‘इन्’ नकाराचा नव्हेच. तो ‘आत’ ह्या अर्थाचा दुसराच लॅटिन उपसर्ग आहे. आत ज्वाला भडकविणे, पेटविणे, ह्या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून हा शब्द निघाला. लोकांचा घोटाळा होऊन प्राणहानी होऊ नये म्हणून इ. स. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील अग्निसंरक्षणाचे काम करणाऱ्या मंडळींनी ‘इन्’ गाळून नुसते ‘फ्लेमेबल’ लिहावे असा आग्रह धरिला. आमच्या रस्त्यांवर मात्र जुनाच शब्द अद्याप धावतो आहे. ‘इन्‌व्हॅल्युएबल’मध्ये नकार खरा आहे, पण तो किमतीचा नसून किंमत करण्याच्या शक्यतेचा आहे, आपल्या ‘अमूल्य’सारखाच.

असा घोटाळा आपल्याकडे झाला नाही असे कोणी समजू नये. ‘असुर’ हा शब्द ऋग्वेदात देवांनाही लाविलेला आहे. इराणी धर्मग्रंथांतील ‘अहुर’ हा त्याचाच भाऊ. त्यातील ‘अ’ मुळात नकाराचा नव्हे. परंतु पुढे तो नकाराचा समजला गेला, ‘सुर नव्हे तो असुर’ अशी फोड झाली, आणि त्या फोडीतून ‘सुर’ हा देववाचक शब्द मागाहून जन्मास आला. ‘विधवा’ ह्या शब्दाचीही अशीच कथा विद्वान सांगतात. इंग्रजी ‘विडो’ हा त्याचा सख्खा भाऊ. दोन्ही वियोगाच्या अर्थाच्या एकाच मूळ शब्दापासून आले. पण ‘वि’ हा उपसर्ग आहे असे समजून आपण ‘धव’ म्हणजे पती असा शब्द काढिला, आणि त्यावरून ‘सधवा’ही. ज्याचा निषेध झाला असे वाटले, ती वस्तूच निषेधातून निर्माण झाली!

आतापर्यंत आम्ही वस्तूंना आणि गुणांना लागणारे उपसर्ग पाहिले. परंतु हेच उपसर्ग माणसांच्या पाठीवर जेव्हा चिकटविले जातात, तेव्हा त्यांचा इतिहास गंभीर होतो. येथे ‘अन्‌कूथ’ ह्या शब्दाचे स्मरण वाचकांनी करावे.

इंग्रजीत ‘एथीस्ट’ म्हणजे निरीश्वरवादी. त्याचे मूळ ग्रीक ‘अथेओस’, म्हणजे देव नसलेला. रोमन साम्राज्यात हा शब्द ज्यांच्यावर फेकला गेला त्यांत आरंभीचे ख्रिस्ती लोक होते. कारण ते रोमच्या देवांना भजत नसत. ज्यांची ईश्वरावर एवढी श्रद्धा, त्यांसच ‘देवहीन’ म्हटले गेले. पुढे काळ पालटला. सत्ता ख्रिस्ती राजांकडे आली, आणि त्यांनी इतरांसाठी ‘इन्फिडेल’ हा शब्द योजिला. ‘फिदेस’ म्हणजे श्रद्धा. जो आपल्या श्रद्धेचा नाही तो श्रद्धाहीन. ह्याच शब्दाचे पोर्तुगीज रूप ‘इन्फिएल’ सोळाव्या शतकात गोव्यात पोहोचले आणि आमच्या पूर्वजांना लागू झाले. इ. स. १५४० च्या सुमारास आणि त्यानंतरच्या काही दशकांत तिसवाडी, बार्देश व सासष्टी येथील देवळे मोडली गेली. कुठ्ठाळीचा श्रीमंगेश नदी ओलांडून अंत्रुजात प्रियोळास गेला. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास गेली. ज्या माणसांनी घरदार व शेतीवाडी मागे टाकून रात्रीच्या अंधारात देव मस्तकावर वाहून नेले, त्यांस कागदोपत्री नाव होते ‘श्रद्धाहीन’!

राजकारणातही ही अक्षरे कामास आली. इ. स. १८७५ मध्ये बडोद्याचे मल्हारराव गायकवाड ह्यांची, रेसिडेंट कर्नल फेअर ह्यांस विष घालविण्याच्या आरोपावरून, सहा जणांच्या आयोगापुढे चौकशी झाली. त्यांपैकी तिघा इंग्रजांनी दोष सिद्ध झाला असे म्हटले; ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे ह्या तिघा भारतीयांना मात्र तो सिद्ध झाला असे वाटले नाही. तेव्हा हिंदुस्थान सरकारने ह्या निकालाचा आधार न घेता ‘मिस्‌कॉन्डक्ट’, ‘मिस्‌गव्हर्न्मेंट’ आणि ‘इन्‌कपॅसिटी’, म्हणजे गैरवर्तन, गैरकारभार आणि अपात्रता, ह्या कारणांवरून त्यांस पदच्युत केले. मल्हाररावांचा कारभार चांगला होता असे आम्हांस म्हणावयाचे नाही. परंतु जो आरोप न्यायालयासारख्या आयोगापुढे टिकेना, त्याची जागा तीन उपसर्गयुक्त शब्दांनी घेतली, आणि त्या शब्दांची व्याख्या आरोप करणाऱ्याच्याच हाती होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक मुलगा दत्तक आणून गादीवर बसविण्यात आला. तेच पुढे सयाजीराव महाराज म्हणून प्रसिद्धीस आले.

दुसऱ्यांनी आपल्याला काय म्हटले ह्याचा हिशेब मांडताना, आपण दुसऱ्यांस काय म्हटले तेही सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. बौद्ध, जैन व चार्वाक ह्यांस आपण ‘नास्तिक’ म्हटले. वेद मानीत नाहीत म्हणून. त्यांपैकी दोघांनी अहिंसेचा आणि संयमाचा केवढा मोठा मार्ग आखला हे त्या शब्दात मावले नाही. आणि ह्याहून मोठे पाप ‘अस्पृश्य’ ह्या शब्दाचे. इंग्रजांनी ‘अन्‌टचेबल’ हे त्याचे केवळ भाषांतर केले. मूळ शब्द आमचा आणि आचारही आमचाच. ज्यांना स्वतःच्या देवांसाठी नदी ओलांडावी लागली, त्यांच्याच देवळांच्या पायऱ्यांवर दुसऱ्या कोणास थांबावे लागले, ही गोष्ट आम्हांस लपविता येत नाही. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इ. स. १९३० मध्ये सत्याग्रह सुरू झाला. पंढरीच्या विठोबाचे दार सर्वांस उघडावे म्हणून साने गुरुजींना इ. स. १९४७ मध्ये प्राण पणास लावावे लागले. इ. स. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. एका ‘अ’स पुसण्यासाठी एवढे सायास पडले, आणि मनांतून तो अद्याप पुरता पुसला गेला आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

मग नकार हा नेहमी दुसऱ्यास हिणविण्याचेच साधन काय? तसेही नाही. स्वतः निवडलेला नकार हा कित्येकदा मोठा होकार असतो. इंग्लंडमध्ये इ. स. १६६२ च्या कायद्याने सर्वांनी एकाच प्रार्थनापद्धतीस मान्यता द्यावी असे ठरले, तेव्हा सुमारे दोन हजार धर्मोपदेशकांनी ती नाकारून आपल्या जागा सोडल्या. त्यांचे व त्यांच्या अनुयायांचे ‘नॉन्‌कन्फॉर्मिस्ट’ हे नाव त्यांनी पुढे अभिमानाने मिरविले. इ. स. १८६९ मध्ये टॉमस हक्स्ली ह्यांनी ईश्वराविषयी ‘मला ज्ञान आहे’ असा दावा न करणाऱ्या आपल्या वृत्तीस ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ असे नाव स्वतःच घडविले. त्यात आपल्या ‘ज्ञा’ धातूचेच ग्रीक भावंड आहे.

आणि गांधीजींची गोष्ट तर आपल्या घरचीच. इ. स. १९१९ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या खिलाफत परिषदेत बोलताना मनातील नव्या कल्पनेस हिंदी-उर्दूत योग्य शब्द सापडेना, तेव्हा त्यांनी ‘नॉन्‌कोऑपरेशन’ हा इंग्रजी शब्द प्रथम वापरिला, असे त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे. वर्षभरात काँग्रेसने तो मार्ग स्वीकारला आणि मराठीत ‘असहकार’ हा शब्द घरोघर झाला. परक्या भाषेतील कायद्याच्या कागदांत वावरणारा ‘नॉन्’ असा राष्ट्राच्या कामी आला. ‘अहिंसा’ ह्या शब्दाचे इंग्रजी ‘नॉन्‌व्हायोलन्स’ झाले तेव्हा मात्र इंग्रज वाचकास त्यात केवळ अभाव दिसला. आपल्या परंपरेत त्यात प्रेम आहे, धैर्य आहे, जिवंत व्रत आहे. ‘अद्वैत’ ह्या शब्दासही हेच लागू. त्याचे शब्दशः भाषांतर ‘दोन नव्हे’ एवढेच होते. परंतु कवळे मठाच्या परंपरेत वाढलेल्या कोणासही तो रिकामा नकार वाटणार नाही. जेथे वाणी पोहोचत नाही तेथे आपल्या ऋषींनी नकाराचीच काठी घेऊन वाट दाखविली आहे.

म्हणून नकारार्थी शब्द समोर आला असता, मग तो इंग्रजी असो वा आपला, तीन प्रश्न विचारावेत असे आम्हांस वाटते. हा नकार खरा आहे काय, की ‘इन्फ्लेमेबल’सारखा नुसता भास आहे? खरा असेल तर नाकारले आहे ते नेमके काय, वस्तू, तिचा गुण की तिचे मोल? आणि माणसास लागलेला शब्द असेल तर तो त्याने स्वतः घेतला आहे, की दुसऱ्याने त्याच्या पाठीवर लिहिला आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शब्दकोशात मिळतात. तिसऱ्याचे उत्तर इतिहासात आणि स्वतःच्या मनात शोधावे लागते.

टँकर निघून गेल्यावर त्या मुलाने आम्हांस विचारले, “मग पाटीवर सरळ ‘पेट घेतो’ असे का लिहीत नाहीत?” त्याचे म्हणणे आम्हांस रास्त वाटले.